माझ्या खोकल्याची शिकवणी

माझ्या धाकट्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी सरकारने डॉक्टरांच्या परवान्याचा कायदा बदलला. सत्तरी ओलांडलेल्या डॉक्टरचा परवाना आता नुसता शिक्का मारून वाढायचा नाही. तपासनीस दवाखान्यात येणार, डॉक्टर पेशंट कसे तपासतात ते बघणार आणि मगच पुढची पाच वर्षं देणार. कपडे गुंडाळायच्या वर्तमानपत्रात मी हे स्वतः वाचलं आणि हातातली इस्त्री बाजूला ठेवली. आमच्या गल्लीचे डॉक्टर चौऱ्याहत्तरचे. त्यांचा दवाखाना बंद झाला, की तापाने फणफणलेलं पोर घेऊन दोन बस बदलायच्या.

"कुणी काळजी करू नका," मी गल्लीला सांगून टाकलं. "डॉक्टरांना पास करायचं माझ्याकडे लागलं."

अडचण एवढीच, की तेव्हा गल्लीत कुणी आजारीच नव्हतं. त्यात डॉक्टरांची नजर अधू. म्हणजे आजार असा हवा, जो बघावा लागत नाही, नुसता ऐकू येतो. मी खोकला निवडला आणि माझ्या इस्त्रीच्या दुकानामागे शिकवणी सुरू केली.

"असा, छातीतून काढा. शेवटी बारीक शिट्टी आली पाहिजे."

"मावशी, मला शिट्टी येत नाही हो," शिंपी म्हणाला.

"हसतोस काय? परवाना जायचाय त्यांचा."

न्हाव्याची सासू मात्र पहिल्याच फटक्यात अशी खोकली, की ओट्यावरचं कुत्रं उठून पलीकडच्या गल्लीत गेलं.

तपासनीस आला तेव्हा दवाखान्यात बसायला बाक उरला नव्हता. सगळी गल्ली बँडपथकासारखी एका सुरात खोकत होती. त्याने नाकाला रुमाल लावला.

"कधीपासून चाललंय हे?"

"पंधरवडा झाला, साहेब," शिंप्याने ठोकून दिलं.

"डॉक्टर, इथे साथ पसरलीय आणि तुम्ही कळवली नाहीत? दवाखान्याला सील ठोकावं लागेल. परवान्याचं तर विसराच." त्याने फोन काढला.

डॉक्टर मात्र शांतपणे एकेकाच्या पाठीला नळी लावत होते.

"साथबीथ काही नाही," ते म्हणाले. "सगळे ठणठणीत आहेत. सोंग करतायत."

"एवढी मेहनत घेतली, आणि सोंग म्हणता?" न्हाव्याची सासू फणकारली.

तपासनिसाचा फोन खाली आला.

"पण ही शेवटची शिट्टी मनाने सुचणारी नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणाचा तरी खोकला खरा आहे. कुणाचा?"

सगळ्या गल्लीने माझ्याकडे बोट केलं. उपकाराची फेड बघा!

"मला काही झालं नाही," मी म्हणाले. "हा माझा नेहमीचाच आहे."

"नेहमीचा म्हणजे?"

"धाकटी पाळण्यात होती तेव्हापासूनचा."

डॉक्टरांनी माझ्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मग ती तपासनिसाच्या कानात घातली. "ऐका. कोळशाच्या इस्त्रीचा धूर."

तपासनिसाने ऐकलं, मान हलवली आणि तिथेच पाच वर्षांची सही केली. मला मिळाल्या तीन बाटल्या कडू औषध आणि कोळशाला हात लावायची बंदी. विजेच्या इस्त्रीने मी पहिल्याच दिवशी शिंप्याचा सदरा जाळला.

डॉक्टर त्यानंतर चौथ्या वर्षी, थंडी सरता सरता, झोपेतच गेले. परवान्याचं एक वर्ष अजून शिल्लक होतं.