धावपट्टीच्या टोकाला भरीत

"ताईची नोकरी? माझ्या डाव्या हाताचा मळ!"

सुलक्षणाने जळगावच्या घरात, भर स्वयंपाकघरात, दोन्ही हातांत वांग्यांच्या पिशव्या घेऊन हे जाहीर केलं, तेव्हा ती दहावी 'ब'ची विद्यार्थिनी कमी आणि एखाद्या कारखान्याची मालकीण जास्त वाटत होती! आणि का वाटू नये? मागच्याच महिन्यात तिने शाळेच्या स्टेजवर पाचशे जणांसमोर भाषण ठोकलं होतं. एकदाही त-त-प-प नाही! तेव्हापासून तिला जगातलं कुठलंच काम अवघड वाटेनासं झालं होतं.

प्रश्न रोहिणीताईचा होता. ताई पायलट होती. नुसती पायलट नाही, दुसऱ्यांना विमान शिकवायचं लायसन्स असलेली! पण आठ महिने तिचे अर्ज जात होते आणि "अनुभव कमी" एवढंच उत्तर येत होतं. अहो, शिकवू दिलं तर अनुभव येणार ना! शेजारच्या भिकुबाई रोज दारातून विचारायच्या, "काय गं रोहिणी, सापडलं का विमान?" जणू ताईचं विमान बसस्टँडवर हरवलं होतं!

आता धुळ्याजवळच्या एका विमान-शाळेतून मुलाखतीला बोलावणं आलं होतं. ही हुकली की ताई बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरणार होती. फॉर्म टेबलावर येऊन पडलासुद्धा होता. तो दिसला की सुलक्षणा त्यावर वर्तमानपत्र टाकून द्यायची. ज्या ताईने तिला सायकल शिकवली, "हँडलकडे नको, लांब बघ, लांब!" असं म्हणत जी गल्लीभर मागे धावली, ती ताई काय आता काउंटरमागे बसून शिक्के मारणार?

"आबा," ती आजोबांना म्हणाली, "आमच्या शाळेत तपासणीला साहेब आले, तर त्यांना गरम भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. काय झालं माहितीये? शाळेला 'अ' श्रेणी!"

आबा म्हणजे मोतीलाल, मूळचे सोनगीरचे, बोलणं पक्कं अहिराणी. भरीत म्हटलं की त्यांना बाकी काही ऐकू येत नसे. ते म्हणाले, "बरोबर शे पोरी! पन थंडं भरीत कोन खास? वांगा तठेच भुंजूत!"

झालं! ठरलं! वांगी तिथेच, विमान-शाळेजवळ भाजायची आणि साहेबांना गरम भरीत वाढायचं! ताईला मात्र यातलं अक्षरही सांगितलं नाही.

डिसेंबरच्या एका सकाळी प्रेमराजमामांचा छोटा हत्ती टेम्पो निघाला. पुढे मामांशेजारी फाइल छातीशी धरलेली ताई. मागे ताडपत्रीवर आबा आणि सुलक्षणा. ताडपत्रीखाली आठ किलो वांगी, भाकऱ्यांचा डबा, मिरच्या, लसूण आणि ठेचायला लाकडी बडगी!

ताई ऑफिसात गेली आणि या मंडळींनी कुंपणाबाहेरचं एक मोकळं शेत गाठलं, नेमकं धावपट्टीच्या टोकाला. मामांनी शेतमालकाला विचारून कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा आणला. आबांनी वांगी रचली आणि काडी ओढली. धूर शहाण्या मुलासारखा कुंपणाकडे पाठ करून शेतांकडे निघाला.

"बघा! वारासुद्धा आपल्या बाजूने!" सुलक्षणा म्हणाली.

एवढ्यात डोक्यावरून घर्रर्र करत एक पांढरं विमान गेलं. इतकं खाली, की चाकं मोजता आली! सुलक्षणाचं तोंड उघडं ते उघडंच. एवढंसं ते यंत्र, मामांच्या गाडीहून फार मोठं नाही, आणि हवेवर असं टेकलेलं, जणू हवा म्हणजे घरचा ओटा! आबा डोळ्यांवर हात धरून उभेच राहिले.

"हाई आपली रोहिणी चालाडस?"

"चालवते, आबा. आणि दुसऱ्यांना शिकवते!"

"बापरे!" म्हणून आबांनी, का कोण जाणे, टोपी काढून हातात घेतली.

दोघं वर बघत राहिली. वांग्यांकडे कोण बघतो? आणि इकडे धुराने कूस बदलली. वळला, कुंपण ओलांडलं आणि थेट धावपट्टीवर जाऊन ऐसपैस पसरला!

पुढच्या दोन मिनिटांत लाल गाडी आली, भोंगा आला, पाण्याचा पाइप आला आणि एका जीपमधून मुख्य प्रशिक्षक कॅप्टन भूपेंद्र आले. त्यांच्या मिश्यासुद्धा रागावलेल्या होत्या! शेजारी ताई. मुलाखतीत फळ्यावर शिकवता शिकवता तशीच निघालेली, हातात अजून खडू!

"कोणी लावली ही आग?" कॅप्टन कुंपणापलीकडून गरजले.

"आग नाही सर, भरीत," सुलक्षणा म्हणाली. "तुमच्यासाठी!"

ताईने तिच्याकडे बघितलं. सुलक्षणाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण वांग्यांसकट आत जावं. बँकेचा तो फॉर्म तिला भर उन्हात डोळ्यांसमोर दिसायला लागला.

कुंपणावरून पाण्याची धार आली तसे आबा मध्ये पडले. "अरे, पानी नका टाका! वांगा बठ्ठा वाया जातीन!"

"आजोबा, बाजूला व्हा! वर माझी विद्यार्थिनी आहे, आज पहिल्यांदा एकटी उडतेय!" कॅप्टनांनी रेडिओ तोंडाला लावला. "किरण, लवकर उतर, धूर वाढतोय!"

लांबवर एक पांढरा ठिपका धावपट्टीकडे वळला. रेडिओतून मुलीचा बारीक, कापरा आवाज आला, "येस सर."

ताई मात्र ठिपक्याकडे बघतच नव्हती. ती धुराकडे बघत होती. मग तिने वारा दाखवणाऱ्या लांब कापडी पिशवीकडे बघितलं. पिशवी खांबाला गुंडाळून, अडकून गप्प बसली होती.

"सर, वारा उलटा झालाय," ताई म्हणाली. "धूर बघा. तिला मागून वारा लागेल. विमान थांबायला पट्टी पुरणार नाही."

कॅप्टनांनी धूर बघितला. पिशवी बघितली. त्यांचा राग एका क्षणात कुठल्या कुठे गेला आणि त्यांनी रेडिओ ताईपुढे धरला. "मुलाखत चालू आहे. शिकवा तिला."

ताईने खडू खिशात टाकला.

"किरण, मी रोहिणी बोलतेय. छान चाललंय तुझं. आता उतरायचं नाही. पूर्ण पॉवर दे, वर ये. हं, अशी! घाई नाही. चक्कर मारून दुसऱ्या टोकाने उतरू."

विमान डोक्यावरून गर्जत वर गेलं. पाइपवाला थांबला, मामा थांबले, आबा श्वास घ्यायचे थांबले. त्या मोठ्या चकरेला किती वेळ लागला कोण जाणे, सुलक्षणाला मात्र सहामाहीचे सगळे पेपर त्यात लिहून झाले असते! शेवटी विमान दुसऱ्या टोकाला खाली येऊ लागलं, पंख डुगडुगत.

"जमिनीकडे नको बघू," ताईचा आवाज अगदी शांत होता. "लांब बघ, लांब! इकडच्या टोकाला धूर दिसतोय ना? तिकडे."

सुलक्षणाने कुंपण घट्ट धरलं. तोच आवाज! तीच गल्ली, तीच सायकल! फक्त या वेळी सायकलला पंख होते.

चाकं टेकली. एकदा उडाली, पुन्हा टेकली आणि विमान धावत धावत, दमल्यासारखं थांबलं. रेडिओतून कोणीतरी हुंदका देत हसलं.

"मन्ही नात शे ती!" आबा लाल गाडीवाल्यांना एकेकाला धरून सांगायला लागले.

कॅप्टनांनी रेडिओ परत घेतला. मग म्हणाले, "रोहिणी मॅडम, सोमवारपासून या. सकाळी सहाला."

ताईने खिशातला खडू काढला, बघितला आणि पुन्हा खिशात ठेवला. डोळे मात्र तिला कुठे ठेवावेत ते कळेना.

भरीत झालं! थोडं ओलं झालं, पण झालं. कुंपणाच्या जाळीवरून डबे पलीकडे गेले. कॅप्टनांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, किरणने चार. हात पुसून झाल्यावर कॅप्टनांनी वही उघडली आणि सुलक्षणाला जवळ बोलावलं.

"तुझं पूर्ण नाव सांग. शाळा, इयत्ता, तुकडी, सगळं."

सुलक्षणा ताठ उभी राहिली. अभिनंदनाचं पत्र! बहुतेक थेट मुख्याध्यापकांना! तिने नाव सावकाश, अक्षर अन् अक्षर सांगितलं. कॅप्टनांनी तितक्याच सावकाश लिहून घेतलं. मग तिने मान उंच करून हळूच वहीत डोकावून बघितलं.

वर लिहिलं होतं, 'धावपट्टीवरील धुराची घटना'. त्याखाली एक रकाना होता, 'कारण'. आणि त्या रकान्यात, सुंदर टपोऱ्या अक्षरात, सुलक्षणा, इयत्ता दहावी, तुकडी 'ब'!