डॉक्टरांनी पाती उपटली

"यंदा शर्यतीत मेहुण्याला पाणी पाजतो की नाही, बघाच!" अशी गर्जना करून दातांच्या डॉक्टरांनी आपली कॅटामरान पाण्यात ढकलली. पाजणं भागच होतं! "यंदाही माझ्या भावाकडून हरलात, तर होडी विकायची!" असं बायकोने चार नातेवाइकांसमोर ठणकावलं होतं. गिऱ्हाईकही शिडाला हात लावून गेलं होतं.

ही जोडहोडी एकट्याने हाकायची म्हणजे दोन हातांत चार हातांचं काम. सुकाणू धरा, शिडाची दोरी धरा, शिवाय दोन्ही होड्यांच्या पोटातून पाण्यात उतरणारी फळीसारखी दोन पाती सांभाळा! वाऱ्यावर चढताना पाती पूर्ण खाली हवीत, नाहीतर होडी बाजूला घसरते. वारा पाठीशी आला की ती अर्धी वर ओढायची, मग होडी सुसाट! ती अडू नयेत म्हणून डॉक्टरांनी खाचांना साबण चोळला होता. वर पाती पार बाहेर निघू नयेत म्हणून मारलेल्या गाठीही सोडून टाकल्या होत्या. हुशारीच ती!

शेवटच्या वळणावर वारा पाठीशी आला, पण मेहुणा पुढे होता. डॉक्टरांनी सुकाणू काखेत दाबलं, दोरी गुडघ्याखाली घेतली आणि पात्याला हात घातला. सवय ती सवय! घट्ट पकड, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे आणि हिसका! पातं मुळासकट बाहेर! डॉक्टर ते छातीशी कवटाळून उताणे!

"भावोजी, अहो काय उपटलंत?" मेहुणा ओरडला.

"नवा डाव आहे!" डॉक्टर पडल्यापडल्या गरजले. आता बोलून बसले म्हटल्यावर दुसरंही उपटणं आलं. उपटलं!

आणि काय सांगावं! हलकी झालेली होडी मेहुण्याला मागे टाकून निघाली. डॉक्टरांना आनंदाने गहिवरून आलं. तेवढ्यात वारा फिरला, बाजूने आला. खाली धरून ठेवायला काहीच नाही! होडी खेकड्यासारखी आडवी घसरायला लागली. डॉक्टरांनी सुकाणू फिरवलं, देव आठवले, होडीला शिव्या घातल्या. ती घसरतच राहिली आणि मेहुण्याच्या वीतभर आधी आडवीच्या आडवी रेषेपार गेली!

पंचांनी डोकं खाजवलं. "नियमात सरळच या असं काही नाही. डॉक्टर जिंकले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायको हसू दाबत म्हणाली, "राहू द्या होडी!" डॉक्टरांची छाती फुगली. दोन्ही पाती बगलेत मारून ते सगळ्यांना रंगवून सांगू लागले, "पहिलं एका हिसक्यात! दुसरं तर चांगलं घट्ट होतं, तरी उपटलं!"

मेहुण्याने गालावर हात ठेवला.

"भावोजी, सोमवारी दाढ दाखवायला येणार होतो ना... आता बरं वाटतंय."