जगातला शेवटचा पंखा

"आता सिमेंट सुकेपर्यंत तोंड मिटायचं नाही. बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि गिळायचं तर मुळीच नाही," असं खुर्चीतल्या, तोंडात कापसाचे बोळे भरलेल्या पेशंटला बजावून दातांचे डॉक्टर खिडकीजवळच्या टेबलाकडे वळले.

पेशंटने मान डोलवायचं मनात आणलं, पण तेही हलण्यातच मोडेल म्हणून तो आ वासून छताकडे बघत राहिला. हात तेवढे छातीवरच्या रुमालाखाली काहीतरी चाळा करत होते. गृहस्थ कमालीचा भित्रा. दाढ ठणकत असूनही दोनदा दवाखान्याच्या पायरीवरून परत गेला होता. आज सिस्टरने त्याला दंड धरून आत आणलं, तेव्हा कुठे त्याने जबडा उघडला.

खिडकीजवळच्या टेबलावर डॉक्टरांचा खरा संसार होता. बंदरात मोठमोठ्या जहाजांना ओढून नेणारी जी बुटकी, जाडजूड बोट असते, टग म्हणतात तिला, तिचं हुबेहूब मॉडेल. खऱ्याच्या सातशेव्या हिश्शाएवढं, म्हणजे करंगळीहूनही लहान. डेकवर उभ्या असलेल्या खलाशाच्या शर्टाला आपण बटणं लावली आहेत, असं डॉक्टर शपथेवर सांगत. कुणाला दिसली नाहीत म्हणून ती नव्हतीच, असं कसं म्हणायचं?

टगला आता फक्त पाण्याखालचा पंखा बसवायचा राहिला होता. पितळेचा, तीन पात्यांचा, मोहरीपेक्षा जरासा मोठा. आणि हा पंखा काही साधासुधा नव्हता. मॉडेलवेड्यांचा फोनवर एक ग्रुप होता, 'छोटी दुनिया' नावाचा. त्यातल्या भिंगवाल्या आजोबांनी तो स्वतःच्या हाताने ओतून, कापसात गुंडाळून, काही न घेता पाठवला होता. सोबत लिहिलं होतं, "नजर गेली, हात कापतात, साचाही फुटला. हा जगातला शेवटचा. जपा." त्या दिवशी डॉक्टरांना दुपारभर कुणाची दाढ काढवली नव्हती.

'छोटी दुनिया' होतीच अशी. आजोबांनी पंखा दिला. डॉक्टरांचा हात मोडला तेव्हा ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही अशा माणसांनी रोज चौकशी केली. गोंदवाल्या ताईंनी तर कुठला गोंद बोटांना चिकटतो आणि कुठला कायमचाच चिकटतो, हे स्वतःच्या बोटांवर करून दाखवलं. पण त्याच ग्रुपात नांगराच्या साखळीला कड्या किती, यावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले होते. राखाडी रंगाच्या छटेवरून तर असं रण माजलं, की एकाने ग्रुप सोडला, दुसऱ्याने छंद सोडला आणि तिसरा अजून टेबलाखाली आहे म्हणतात.

या सगळ्यांवर राज्य होतं ग्रुपचे प्रमुख, टोपणनाव सेनापती, यांचं. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं, पण घाबरत सगळेच. ग्रुपवरच्या वार्षिक फोटो-प्रदर्शनात कोणाचं मॉडेल घ्यायचं ते हेच ठरवत, आणि आज संध्याकाळी प्रदर्शन बंद होणार होतं. "तुमच्या टगला माझा पंखा लागलेला बघायचाय. नातवाला सांगून फोटो मोठा करून बघेन," असं आजोबांनी सकाळीच लिहिलं होतं.

म्हणून डॉक्टरांनी चिमट्यात पंखा धरला. श्वास रोखला. पंखा टगच्या बुडाशी नेला. आणि खिशातला फोन वाजला, "टिंग!"

चिमटा दबला. पंखा उडाला. कुठे उडाला, ते बघायच्या आत डॉक्टरांनी फोन बघितला, कारण सवय. सेनापतींचा संदेश होता. "तांडेल, काल पाठवलेले फोटो पाहिले. ही टग नव्हे, तरंगणारी चप्पल आहे."

तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, हे आपल्या डॉक्टरांचं ग्रुपमधलं टोपणनाव.

"गेला!" डॉक्टर किंचाळले. "सिस्टर, हलू नका! पाय जिथे आहे तिथेच ठेवा!"

"बाहेर चौघं गाल धरून बसलेत डॉक्टर. त्यांना काय सांगू?"

"त्यांना म्हणावं, तुम्हीही हलू नका!"

नेमका त्याच वेळी एक बस कंडक्टर, कितवा नंबर विचारायला, दारातून आत येत होता. त्याचा एक पाय आत, एक अधांतरी. तो बगळ्यासारखा तसाच उभा राहिला. "आयुष्यभर लोकांना पुढे सरका म्हणालो," तो पुटपुटला, "आज कळलं."

डॉक्टरांनी ग्रुपवर लिहिलं, "दवाखान्यात एक बारीक भाग उडालाय. काय करू?" कुठला भाग, ते लिहायचं धाडस त्यांना झालं नाही. आजोबा वाचत असणार.

सल्ल्यांना तोटा नव्हता. "दिवे घालवा, बॅटरी जमिनीवर आडवी ठेवा, भाग चमकतो." दिवे गेले. "जमिनीवर गाल टेकून बघा." डॉक्टरांनी गाल टेकला. बाहेरच्या चौघांनीही टेकला. सुजलेल्या गालाला गार फरशीने बरंच वाटलं, त्यामुळे ते उठेचनात. "आरशात बघा, माझा एकदा माझ्याच दाढीत सापडला होता." डॉक्टरांना दाढी नव्हती, तरी त्यांनी बघितलं. गोंदवाल्या ताईंनी लिहिलं, "व्हॅक्यूमच्या तोंडावर पायमोजा ताणून लावा. धूळ आत जाते, भाग मोज्यावर अडकतो."

"सिस्टर, तुमचा मोजा द्या."

"काय द्या?"

"मोजा हो! विज्ञानासाठी!"

"पगार वेळेवर द्या विज्ञानासाठी," असं म्हणत सिस्टरने मोजा काढून फेकला. पण दवाखान्यात व्हॅक्यूम कुठून येणार? ओढणारी नळी एकच होती, पेशंटच्या तोंडातली थुंकी ओढणारी. डॉक्टरांनी ती त्याच्या ओठांतून उपसली, मोजा चढवला आणि फरशी चाटत निघाले.

इकडे खुर्चीतल्या गृहस्थाचं तोंड तुडुंब भरत चाललं. तो मघापासून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. "आ... आ-आँ... आआ!"

"बोलायचं नाही म्हटलं ना!" टेबलाखालून डॉक्टर ओरडले.

बिचाऱ्याने मग छातीवरच्या रुमालाखालून फोन काढला आणि बोटं चालवायला सुरुवात केली. चालवू दे, निदान हलत तरी नाही, असं सिस्टरला वाटलं.

टिंग! डॉक्टरांनी टेबलाखालीच फोन बघितला. सेनापती लिहीत होते, "तांडेल, पेशंटच्या तोंडात बघा."

डॉक्टरांच्या तळपायाची आग टाळूपर्यंत गेली. जगातला शेवटचा पंखा गेला, म्हातारा फोटोकडे डोळे लावून बसलाय, आणि या माणसाला थट्टा सुचते? त्यांनी लिहिलं, "तुमच्या डोक्यात बघतो. पोकळी आहे असं ऐकून आहे."

खुर्चीतून आवाज आला, "टिंग!"

सेनापतींनी लिहिलं, "मूर्खासारखं करू नका. डावीकडे, खालच्या दाढेत."

"तुमचे सगळे दात हातात दिले तर चालतील?" डॉक्टरांनी ठोकून दिलं.

"टिंग!" पुन्हा खुर्ची वाजली आणि खुर्चीतल्या गृहस्थाने दोन्ही हातांनी आपला जबडा झाकला.

सिस्टर एक मोजा घालून, एक पाय वर करून हे बघत होती. "डॉक्टर," ती म्हणाली, "तुम्ही बोट दाबलं की हे वाजतात. आणि यांनी दाबलं की तुम्ही वाजता."

मग सिस्टरने दिवा लावला. डॉक्टर टेबलाखालून रांगत बाहेर आले. ग्रुपवर तोफेसारखा गडगडणारा तो सेनापती, गळ्यात निळा कागदी रुमाल, डोळ्यांत पाणी, आ वासून त्यांच्याकडे बघत होता. आणि त्याच्या डाव्या खालच्या दाढेत, नुकत्याच सुकलेल्या सिमेंटच्या मधोमध, पितळेचा पंखा तिन्ही पाती पसरून बसला होता. इतका सरळ, की डॉक्टरांना टगवरसुद्धा कधी जमला नसता.

"तुम्ही... आपण... सेनापती?" डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. समोरासमोर ते कुणाला अरे म्हणत नसत.

सेनापतींनी ओशाळून डोळे मिचकावले. समोरासमोर तेही म्हणत नसत.

"आता ऐका," डॉक्टर अजिजीने म्हणाले. "हा इथेच राहिला तरी तुम्हाला काही होणार नाही. पण हा भिंगवाल्या आजोबांचा पंखा आहे. जगातला शेवटचा. सिमेंट कोरून काढावा लागेल. ड्रिल लागेल."

ड्रिल म्हटल्यावर सेनापतींचा चेहरा फरशीच्या रंगाचा झाला. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, आणि ते हात उंचावून घाईघाईने म्हणाले, "आआँ! आ आ-आँ आआ!"

"कळतंय मला," डॉक्टर गहिवरले. "आजोबांसाठी तुम्ही एवढं सोसताय. हात खाली."

सेनापती फोनकडे झेपावले. सिस्टरने तो काढून घेतला. "झालं तेवढं पुरे."

ड्रिल सुरू झालं. कंडक्टर दारातून म्हणाला, "मी उद्या येतो," आणि आत ठेवलेला पाय काढून घेतला. डॉक्टरांनी जन्मात कुणाच्या दाढेवर इतकं नाजूक काम केलं नव्हतं. ते दाढेकडे बघतच नव्हते, पात्यांकडे बघत होते. सेनापती खुर्चीचे हात धरून अधूनमधून आरोळी देत होते, आणि डॉक्टर दर आरोळीला म्हणत होते, "शाबास! आजोबा ऐकतील तेव्हा रडतील."

अखेर पंखा सुटला. पात्याला ओरखडासुद्धा नाही. डॉक्टरांनी तो कापसावर ठेवला आणि सेनापतींच्या तोंडातून बोळे काढले.

सेनापतींनी चूळ भरली, जबडा हलवून पाहिला आणि सुन्न जिभेने म्हणाले, "मघापाथून तेच थांगत होतो हो."

"काय?"

"माझ्याकडे पण आहे. गेल्या वर्षी आजोबांनी पाठवला. जगातला शेवटचा."

डॉक्टर स्टुलावर बसले. सेनापतींनी खिशातून भिंग काढलं, पंखा न्याहाळला आणि मान हलवली. तोच. तिसऱ्या पात्यावरचा फुगवटासुद्धा तोच.

"म्हणजे साचा फुटला नाही?"

"फुटला अथेल. पण आधी काय काय ओतून ठेवलंय, देव जाणे."

दोघांनी मिळून गोंदवाल्या ताईंना चोरून विचारलं. ताईंचं लगेच उत्तर आलं. "आहे माझ्याकडे. पण बोलू नका कुठे. जगातला शेवटचा आहे, बाकीच्यांना वाईट वाटेल."

"का करत अथतील अथं?" सेनापती म्हणाले.

"तुम्हाला 'शेकडो पडलेत, एक घ्या' म्हणून पाठवला असता, तर तुम्ही मखमलीच्या डबीत ठेवला असता?" डॉक्टरांनी विचारलं.

सेनापती लाजले. डबी मखमलीचीच होती.

संध्याकाळी प्रदर्शन बंद व्हायच्या आत टगचा फोटो ग्रुपवर आला. पंखा बसला होता, जरासा वाकडा. सेनापतींनी खाली लिहिलं, "पंखा मंजूर. बाकी अजून चप्पलच." डॉक्टरांनी लिहिलं, "पुढची दाढ कधी?"

मग आजोबांचा संदेश आला. "नातवाने मोठा करून दाखवला. डोळे निवले. नीट सांभाळा रे बाबा, दुसरा नाही आता."

त्याखाली लाल बदामांचा नुसता पाऊस पडला. अख्खी 'छोटी दुनिया' हळहळली आणि मग एकेक जण गुपचूप उठून आपापल्या कपाटातली डबी जागेवर आहे ना, ते बघून आला.