मनवेलकाकांचा सिरका

आमच्या वटार गावात कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी पोराबाळांची चौकशी करतात. मनवेलकाका नळाची करत. दारातच थबकायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "मास्तर, तुमचा मागचा नळ रडतोय." मला काही ऐकू यायचं नाही. मागे जाऊन बघावं तर खरंच थेंब पडत असायचा, अर्ध्या मिनिटाला एक.

काका मुंबईला एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातले सगळे नळ दत्तक घेतले, असं माझी बायको म्हणायची. तेव्हा विहिरींवर पंप बसून घरोघरी टाक्या आणि पितळी नळ नवे नवे आले होते. आमच्या पाण्यात क्षार फार. चार वर्षांत आतला वायसर झिजायचा, आणि तो बदलायला जावं तर नळाचं डोकं जाम. दुसरा कुणी पान्याला लोंबकळला असता. काका पान्याला हातही लावत नसत. ते स्वयंपाकघरात डोकावून विचारत, "बाय, सिरका आहे का?"

नाताळच्या मटणासाठी जपून ठेवलेला माडीचा सिरका बायको नाक मुरडत काढून द्यायची. काका तो गरम करून त्याचं फडकं नळाला गुंडाळत आणि चहा मागत. संध्याकाळी यायचे, डोक्यावर दोन टिचक्या मारायचे, पुन्हा फडकं. असं तीन तीन दिवस. विचारलं की एकच उत्तर, "जोर लावला की आटे मरतात." नवा वायसर ते जुन्या चपलेच्या चामड्यातून कापत. एकदा तर त्यांनी फादरना सांगून ठेवलं होतं, "हा जोडा टाकाल तेव्हा मला कळवा."

चर्चला आम्ही देऊळच म्हणतो; तिथे त्याच फादरच्या प्रवचनातून काका एकदा मधेच उठून गेले. फादरना वाटलं, आपलं काही लागलं यांना. दहा मिनिटांनी ओले हात पुसत परत आले, जागेवर बसले आणि 'चालू द्या' अशी मान हलवली. देवळामागचा नळ गळत होता, दुसरं काय.

एवढ्या शांत माणसाचा एकुलता एक मुलगा मात्र भांडून कुवेतला गेला होता. आंतोनला शिकायचं होतं. काकांनी त्याला ओढून स्वतःच्या कारखान्यात चिकटवलं. वर्षभराने तो पाना फेकून निघाला, आयुष्यात पुन्हा पान्याला शिवणार नाही म्हणून. त्याला सहा वर्षं झाली होती. घरात काका एकटे, आणि मुलाचं एक पत्र नाही.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण काका स्वतः कधी बोलले नव्हते. बोलले ते माझ्या मूर्खपणामुळे. आमच्या नळाला फडक्याचा तिसरा दिवस होता. माझं डोकं फिरलं. काका चहा पीत असताना मीच पाना लावून दिला हिसका. डोकं निघालं, ते आट्यांसकट. अख्खी टाकी केळींत गेली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. काकांनी फक्त टोपी काढली, मयतीला काढतात तशी.

"आटे मेले, मास्तर," ते म्हणाले. मग बराच वेळ तो नळ हातात फिरवत बसले. "मीही लावला होता एकदा जोर. नळाला नव्हे." मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते एरोग्राम, परदेशी धाडायचं घडीचं पत्र, घेऊन आले. पत्ता कुवेतहून सुट्टीवर आलेल्या एकाकडून मिळवला होता, कंपनीच्या क्वार्टरचा. "मला बारीक लिहिता येत नाही. तुम्ही लिहा." तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्सा झाली की माझ्या ओटीवर पत्र. मजकूर काय, तर अमक्याचा नळ सुटला, तमक्याचा अजून धरून बसलाय. मी न राहवून विचारायचो, "काका, 'एकदा येऊन जा' एवढं तरी घालू?"

"नको. घाई करायची नाही."

चौदा पत्रं गेली. उत्तर नाही. पंधराव्या पत्राच्या रविवारी काका आले ते एक पाकीट घेऊन. "वाचा," म्हणाले. मी वाचलं. चारच ओळी होत्या. 'पप्पा, माझ्या खोलीतला नळ गळतो. डोकं जाम झालंय. काय करू? आंतोन.'

मी शहाणपणा केलाच. "कंपनीची क्वार्टर ना ही? तिथे कंपनीचे प्लंबर असतील की."

"असतील," काका म्हणाले. "त्यालाही माहीत आहे." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. बायकोने न मागता चहा आणून ठेवला.

मग सांगायला लागले. सिरका किती गरम, फडकं किती वेळ, टिचकी कुठे. एरोग्राम भरला, मी कडेने उभं लिहू लागलो. बोटभर जागा उरली तेव्हा काका थांबले. मी काही विचारलं नाही. एवढं शिकलो होतो.

"लिहा," शेवटी ते म्हणाले, "नाहीच सुटला, तर नळ घेऊन ये. इथे बघू."