बुटावर सोडलेलं पाणी

बाईंचा डावा बूट चिखलात रुतला आणि पाय तेवढा वर आला, तिथून सगळा घोळ सुरू झाला.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका आणि कालवा सांभाळणाऱ्या हौशी मंडळाच्या अध्यक्ष. त्या रविवारी कालव्याचं दार बंद करून शहरातल्या टप्प्यातलं पाणी उतरवलं होतं आणि मंडळाची माणसं तळात उतरून कचरा उपसत होती. बाईंच्या नव्याकोऱ्या बुटासाठी फावडी लागली, घमेली लागली, पण बूट काही निघेना.

काठावर टायपिस्टकाका उभे होते. सगळी नोकरी त्यांनी विमा कंपनीत टायपिंग करण्यात घालवली होती. सांगितलेलं अक्षर बदलायचं नाही, हा त्यांचा बाणा. मजकूर सांगताना साहेब शिंकले तर शिंकही टाइप होईल की काय, अशी ऑफिसला धास्ती असायची.

निवृत्तीनंतर हा बाणा घरात मोकाट सुटला. ते स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला लागले, तेव्हा काकूंनीच त्यांचं नाव मंडळात घातलं. तिथे त्यांना केशरी जाकीट मिळालं आणि किल्ली मिळाली. हातभर लांब, लोखंडी. चाकात अडकवून फिरवली की कालव्याचं दार वर-खाली होई. सगळ्या मंडळात ती एकच. ती हातात आल्यापासून काका ताठ चालायला लागले होते. आजचं काम नीट पार पडलं तर ती कायमची तुमच्याकडे, असं बाईंनी त्यांना सांगितलं होतं. ती घेतल्याशिवाय घरी येऊ नका, असं काकूंनी सांगितलं होतं.

शेवटी सगळे कंटाळून चहाला वर आले. घमेली, झाडू आणि कचऱ्याचे ढीग तळातच राहिले, काढून ठेवलेल्या चपला पायऱ्यांवर. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा अशा अवस्थेत बाई खुर्चीत टेकल्या. काका अदबीने जवळ गेले.

"बाई, बुटाचं काय करायचं?"

"पाणी सोडा आता त्याच्यावर."

"सोडू?"

"सोडा म्हटलं ना, काका."

काकांनी ते वाक्य मनात एकदा वाचून पाहिलं. कर्म होतं, क्रियापद होतं, शंकेला जागा नव्हती. किल्ली खांद्यावर टाकून ते दाराकडे गेले.

मंडळींच्या तोंडात चहाचा पहिला घोट गेला असेल-नसेल, तोच पाण्याचा आवाज आला. सकाळपासून रचलेले ढीग पसरून तरंगायला लागले. मागोमाग झाडू निघाले, मग पायऱ्यांवरच्या चपला एकामागून एक. मंडळी अनवाणी काठाने धावली. फिरायला आलेल्या लोकांना वाटलं, चपलांची शर्यत आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि निळ्या चपलेला प्रोत्साहन दिलं. ती मंडळातल्या प्लंबरची होती आणि तो रडकुंडीला आला होता.

बाई लंगडत दारापाशी पोचल्या. "अहो, पाणी सोडा म्हणजे नाद सोडा!"

"नाद सोडा म्हणाला असतात, तर नाद सोडला असता, बाई," काका म्हणाले.

बोलता बोलताच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि चेहरा उतरला. आपल्या हातून काय झालं ते त्यांना कळलं. आता जाकीट जाणार, किल्ली जाणार, आणि घरी काकू दारातच विचारणार. दाराच्या फळीवर, पाण्याच्या अगदी वर ते उभे होते. किल्ली बाईंना परत द्यावी म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी ती पुढे धरली आणि ते आयुष्यात पहिल्यांदाच वाक्प्रचारात बोलले.

"चुकलंच माझं. आता या किल्लीवर पाणी सोडतो."

बाईंनी ते वाक्य काकांसारखं शब्दशः घेतलं. दार सताड उघडं, खाली पाणी, आणि किल्ली एकच.

"सोडू नका! ती तुमच्याकडेच ठेवा!"

"कायमची?"

"कायमची. पण आधी दार लावा."

काकांनी तेही वाक्य मनात वाचून पाहिलं. मग सगळ्या मंडळासमोर शांतपणे दार लावलं आणि किल्ली खांद्यावर टाकली. सांगितलेलं अक्षर बदलायचा प्रश्नच नव्हता.

चपला पुढच्या पुलाशी सापडल्या, प्लंबरची सगळ्यांत आधी. बूट मात्र तळातच राहिला. त्याचं काय करायचं, असं काकांनी जाता जाता विचारलं, तेव्हा बाई काहीएक बोलल्या नाहीत.