वाबळे काकांची फेरी

वाबळे काका एकट्या थर्मामीटरवर कधीच विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्या फ्रीजमध्ये दोन थर्मामीटर आहेत आणि त्या दोघांचं जमलं नाही की काका तिसरा आणतात. म्हणतात, "येकटा काटा थापा मारतो. दोन भांडायला लागले की खरं कळतं."

काका माझे घरमालक. सगळी नोकरी दूध शीतकरण केंद्रात झाली. दर अर्ध्या तासाला टाकीचं तापमान बघायचं आणि कागदावर लिहायचं. निवृत्त झाले, पण फेरी थांबली नाही. आता ते नगरमधल्या स्वतःच्याच घरात फिरतात: फ्रीज, पाण्याची मोटर, गच्चीवरची टाकी. काकू मुलाकडे पुण्याला असतात. त्यांनी फोनवर "जेवलात का?" विचारलं, की काका सांगतात, "फ्रीज चारवर हाय."

मी अकोले तालुक्यातली. आमच्या घरातून कॉलेजला आलेली पहिलीच, त्यामुळे काही बिघडलं की आधी वाटतं, चूक माझीच असणार. तोंडी परीक्षेच्या आठवड्यात माझा जुना लॅपटॉप बिघडला. झाकण मिटून झोपवला आणि पुन्हा उघडला की पंखा फिरायचाच नाही. पंधरा मिनिटांत तापून तो आपोआप बंद पडायचा. पूर्ण बंद करून चालू केला तर ठीक, पण त्यात फार वेळ जायचा. बॅटरी दमलेली, म्हणून परीक्षेत नंबर येईपर्यंत झाकण मिटूनच बसावं लागणार होतं. प्रोजेक्ट त्यातच होता. परीक्षकांसमोर तो बंद पडला असता, तर माझं वर्ष गेलं असतं.

मी वहीने लॅपटॉपला वारा घालत होते, तेव्हा काका दारात आले.

"पोरी, ताप आलाय व्हय त्याला?"

"पंखा फिरत नाही, काका."

काकांनी पालथा हात लॅपटॉपच्या बुडाला लावला. "आन् काटा काय म्हणतो?"

मी पडद्यावर तापमान बघितलं. "एकेचाळीस."

"हात भाजतोय आन् हा येकेचाळीस म्हणतो. लई लबाड हाय."

त्या दिवसापासून फेरीत माझी खोली आली. दर अर्ध्या तासाला टकटक. मला झाकण मिटून पुन्हा उघडायला लावायचं. दुधाचा लांब थर्मामीटर हवेच्या जाळीशी धरायचा, पालथा हात लावायचा, कागदावर लिहायचं आणि निघायचं. मला अभ्यास सुचेना. शेवटी वैतागून म्हटलं, "काका, दर वेळी एकेचाळीसच येतंय. कशाला लिहिता?"

"त्येच म्हणतोय मी. दोन दिस झालं, हालतच न्हाई."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी उगाच पंख्याला दोष देत होते. झोपेतून उठला की तापमान मोजणारा सेन्सर त्याच एका आकड्यावर अडकून राहत होता आणि पंख्याला वाटत होतं, सगळं थंड आहे. मी नेटवर शोधलं. लॅपटॉप जागा झाल्यावर सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, काढून पुन्हा चढवायचा, एवढंच होतं. ते आपोआप व्हावं म्हणून दोन ओळी लिहून ठेवल्या. झाकण मिटलं, उघडलं. आकडा सदुसष्टवर गेला आणि पंखा घरघरला.

पुढच्या फेरीला आलेल्या काकांनी तो आवाज ऐकला आणि कागदावर नोंद केली. मग खाली गेले. संध्याकाळी येऊन तो कागद माझ्या हातात दिला. "परीक्षेत दाखव. नोंद आसली की सायेब लोक गप बसत्यात."

परीक्षेच्या खोलीबाहेर नंबरची वाट बघताना मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. वेळ, हात, थर्मामीटर, पडदा, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात लॅपटॉपबद्दल काहीच नव्हतं. "सकाळपासून चहावरच." "खोकला." "वडिलांचा फोन. डोळे लाल." "आज हसली." शेवटची ओळ कालची होती: "पंखा चालू. उद्यापासून फेरी बंद."

माझं नाव पुकारलं. झाकण उघडलं, पंखा फिरला, प्रोजेक्ट चालला. बोलता बोलता मी पंख्याचं सांगितलं, तेव्हा परीक्षकांनी विचारलं, "हा बिघाड सापडला कसा?"

मी कागद पुढे केला. शेऱ्याचा रकाना मात्र तळहाताखाली झाकून धरला.