काकांचं घर आम्ही आवरलं

आवराआवरीत माझा हात धरणारा कोणी नाही! मी गोदामात कामाला आहे. चार हजार खोक्यांतलं हवं ते खोकं मिनिटात काढून देतो, असं मी छातीठोकपणे सांगत असतो.

म्हणून वरच्या मजल्यावरचे काका दोन दिवस बहिणीकडे जाताना किल्ली देऊन गेले आणि जमलं तर फरशी पुसून ठेव म्हणाले, तेव्हा मी घरात जाहीर केलं की या रविवारी सहकुटुंब सेवा! थोरली सात वर्षांची, धाकटा चार. संस्कार याच वयात व्हायला हवेत. बायकोचं म्हणणं पडलं, काकांनी फक्त फरशी सांगितली आहे. मी म्हटलं, सेवाच करायची तर हात आखडता कशाला घ्यायचा?

काका एकटे राहतात, रेडिओ दुरुस्त करतात. बारा वर्षांपासून त्यांना दिसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही हो, जिन्यात मीच त्यांना हात देतो. पण हातात फडकं आलं की माझं डोकं चालायचं थांबतं.

खोलीच्या मधोमध खुर्ची होती, ती मी भिंतीला लावली. तिपाई दाराजवळ शोभेल असं वाटलं. टेबलावरच्या सात वाट्यांतले स्क्रू एकाच डब्यात ओतले. स्वयंपाकघरात बरण्या-बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. बायकोने कपाट घेतलं, थोरलीने चपला, धाकट्याने ओलं फडकं घेऊन जिथे हात पोचेल ते सगळं. तीन तासांत घर चकचकीत!

मग थोरली डोळे मिटून, हात पुढे करून चालायला लागली. ती काका-काका खेळत होती. चौथ्या पावलाला तिपाईवर आदळली.

"बाबा, ही इथे नव्हती," ती गुडघा चोळत म्हणाली. "आता काका पडतील?"

मी स्वयंपाकघरात धावलो. तेलाच्या बाटलीच्या जागी मी फिनेलची बाटली ठेवली होती. का, तर उंची जुळत होती!

साडेचार वाजले होते आणि काका पाचला येणार होते. सगळं होतं तसं ठेवायचं, एवढंच. पण कसं होतं? बायको म्हणाली खुर्चीचं तोंड खिडकीकडे होतं, मी म्हटलं टेबलाकडे. धूळ असती तर प्रत्येक वस्तूची जागा तिनेच दाखवली असती. ती तर मी कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून काढली होती.

जिन्यात काठी वाजली. मी तिपाई वाटेतून बाजूला ओढली आणि सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं. काका आत आले, सरळ पाच पावलं चालले, वळले आणि काहीही नसलेल्या जागी बसायला लागले. मी झेप घेऊन खुर्ची त्यांच्याखाली सारली. ते टेकले.

"कोण कोण आहे रे?" काकांनी विचारलं.

"सगळे!" धाकट्याने सांगून टाकलं.

"फिनेलचा वास खालपर्यंत येतोय. काय काय हललंय?"

"सगळंच, काका," मी म्हटलं. "चुकलं माझं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठले आणि भिंतीला तळहात लावला. "तुम्ही चौघं पलंगावर बसा. मी सांगेपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

दोन तास आम्ही बसलो. काका भिंतीच्या आधाराने फिरत होते, प्रत्येक बरणी उघडून हुंगत होते, एकेक स्क्रू बोटांनी चाचपून पुन्हा वाट्यांत टाकत होते. ते दोनदा तिपाईजवळ गेले आणि दोन्ही वेळा मी पलंगावरून उठलो. फिनेलची बाटली त्यांनी हुंगली आणि मोरीत नेऊन ठेवली. मला मान वर करवेना. बायको माझ्याकडे बघतच नव्हती.

निघताना काकांनी मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. "पुढच्या रविवारी पण या," ते म्हणाले. "मुलं गुणी आहेत, सांगितलं तसं बसतात." मग माझ्याकडे तोंड वळवलं. "तू मात्र दोनदा उठलास."

खरं तर तीनदा. तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरातली एक बरणी जराशी सरळ केली. ओळीतून बाहेर आली होती हो! आता हे काकांना सांगायला वर जायचंय, आणि बायको मला एकट्याला जाऊ देत नाहीये.